पोरींचे मोबाइल काढून घेण्याआधी

प्रश्न एका सरपंचताईंचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं दीड हजार वस्तीचं गाव, ताई पहिल्यांदाच निवडून आलेल्या. जानेवारीत गावात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत झाली आणि पटाच्या रात्री 'हंगामा' ठेवला गेला, बाहेरून नाचणाऱ्या मुली आणल्या होत्या. पंधरा दिवसांनी गावातल्या चार-पाच पोट्ट्यांनी एसटी थांब्यावर उभ्या असलेल्या दहावी-बारावीच्या मुलींचे व्हिडिओ काढले, त्यांवर त्याच रात्रीचं गाणं चढवलं, घाणेरडे शब्द लिहिले आणि गावच्या ग्रुपवर सोडले. आता गावातली मोठी मंडळी म्हणतात, ग्रामसभेत ठराव घ्या: अठराच्या आतल्या मुलींच्या हातात मोबाइल नको आणि नाचणाऱ्या बायांना गावबंदी. ताई विचारतात, मी काय करू?

ताई, मी सव्वीस वर्षांपासून वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात बचत गट आणि किशोरींचे गट चालवते. तुम्ही सांगितलं तसं, थोड्याफार फरकानं, नऊ-दहा गावांत पाहिलं आहे. म्हणून आधी तातडीचं सांगते, मग जरा पसरट बोलते.

ठराव थांबवा. ग्रामसभा पुढे ढकलता येत नसेल तर हा विषय तरी विषयपत्रिकेवरून काढा. त्या मुलींनी मोबाइलनं काय केलं होतं? काहीच नाही. त्या बसची वाट पाहत होत्या. मोबाइल दुसऱ्याच्या हातात होता. ज्यांच्या हातात होता त्यांच्याबद्दल ठरावात एक ओळ नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच, नाहीतर तुम्ही विचारलंच नसतं.

मंडळी तुम्हाला बान्सीचं उदाहरण देतील. पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला, त्याची बातमी देशभर गेली. त्यांना एवढंच सांगा की तो ठराव पोरगा-पोरगी दोघांसाठी होता आणि चिंता होती ती गेम आणि अभ्यासाच्या नासाडीची. तो बरोबर की चूक हा वाद वेगळा. तुमच्याकडे मात्र मागणी फक्त पोरींसाठी आहे, आणि तीही पोट्ट्यांनी केलेल्या गोष्टीवरून.

अशा ठरावाचा पहिला परिणाम कुठे दिसतो माहीत आहे? शाळेच्या हजेरीपटावर. एका गावात असाच प्रकार झाला तेव्हा मी सगळ्यात आधी पोरींना शाळेत नेणाऱ्या मानव विकासच्या निळ्या बसच्या वाहकाला विचारलं. तो म्हणाला, या थांब्यावरून आधी चौदा पोरी चढायच्या, आता आठ चढतात. सहा पोरींना कोणी शाळा सोड म्हणालं नव्हतं. फक्त "थोडे दिवस राहू दे" म्हणाले होते. त्यातल्या दोघींचं त्या उन्हाळ्यात लग्न लागलं. तेव्हा तुम्ही उद्या सकाळी थांब्यावर जा आणि डोकी मोजा. कोण आलं नाही त्यांच्या घरी संध्याकाळी जा. चहा घ्या, आईशी बोला, आणि व्हिडिओचा विषय तुम्ही काढू नका. पोरगी स्वतः काढेल तेव्हा ऐका. बहुतेकींना एकच भीती असते: "बाबा पाह्यतील तं माहं कॉलेज बंद." ही भीती व्हिडिओपेक्षा मोठी असते आणि पोट्ट्यांना ती नेमकी ठाऊक असते.

आता व्हिडिओचं. ग्रुपवरून तो डिलीट करायला लावाल, ते बरोबरच आहे, पण त्याआधी कोणत्या नंबरवरून, किती तारखेला, किती वाजता आला ते दिसेल असा स्क्रीनशॉट एकाच जबाबदार माणसाच्या फोनमध्ये ठेवा, म्हणजे तपासाला धागा राहील. व्हिडिओ 'पुरावा म्हणून' इकडे तिकडे पाठवू नका. मी एका गावात पाहिलं, तक्रार करायला निघालेल्या पाच जणांनीच तो अजून तीस जणांना दाखवला होता. इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर गेला असेल तर तिथेच रिपोर्ट करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बाया आणि मुलांसंबंधीच्या तक्रारींचा वेगळा भाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. फोननं विचारायचं तर १९३०, आणि पोरगी अठराखालची असेल तर १०९८.

कायद्यात गावातले लोक गोंधळतात, म्हणून जरा खोलात जाते. चोरून काढलेल्या फोटोचं कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ७७, पण ते बाई खासगीत असताना, म्हणजे आंघोळ, कपडे बदलणं अशा वेळी काढलेल्या चित्रणाला लागतं. थांबा ही सार्वजनिक जागा, तिथे ते बसत नाही. काही पोलिस तेवढंच ऐकवून परत पाठवतात. पण व्हिडिओवर लिहिलेले शब्द पाहा. लैंगिक शेरे मारण्यासाठी कलम ७५ आहे, बाईच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूनं शब्द, आवाज, हावभाव किंवा वस्तू वापरण्यासाठी ७९ आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. रोज पाठलाग होत असेल तर ७८. पोरी अठराच्या आत आहेत, म्हणून मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणारा २०१२ चा पॉक्सो कायदाही लागतो. त्यातलं ११ वं कलम लैंगिक छळाचं आहे आणि त्यासाठी स्पर्श झालेला असावा लागत नाही. आणि कुणी तिचा चेहरा दुसऱ्या शरीराला जोडून चित्र बनवलं असेल, जे आता मोबाइलवर दोन मिनिटांचं काम झालं आहे, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ पासूनची कलमं येतात. अशा चित्रांची तक्रार आली की कंपनीनं २४ तासांत पावलं उचलावीत, असं २०२१ च्या नियमांनी घालून दिलं.

स्पर्श नसला म्हणजे काही झालंच नाही, ही समजूत फक्त चावडीवरची नाही बरं का. मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिला होता की कपड्यांवरून हात लावला, कातडीला कातडी लागली नाही, तर पॉक्सोतला लैंगिक हल्ला होत नाही. बारा वर्षांच्या मुलीचं प्रकरण होतं. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी नोव्हेंबरात तो निकाल रद्द केला आणि सांगितलं की महत्त्वाचा आहे तो हेतू. पोट्ट्यांच्या बापांशी बोलताना मी हे प्रकरण सांगते. "नुस्तं पाह्यलं तं" म्हणणाऱ्याला हेतू हा शब्द बरोबर लागतो.

तालुक्याच्या एखाद्या यूट्यूब पोर्टलवाल्याचा फोन येईल. "ताई, फक्त दोन मिनिटं, पोरीचा चेहरा ब्लर करतो." नाही म्हणा. अल्पवयीन मुलीची ओळख पटेल असं काहीही छापायला-दाखवायला पॉक्सोत मनाई आहे. ब्लर केलेला चेहरा, मागे तुमच्या गावाच्या नावाचा फलक, आणि अंगावर शाळेचा गणवेश. ओळखायला अजून काय लागतं?

पोट्टे कोण आहेत हे तुम्हाला आणि मला दोघींनाही कळतं. त्यांतले बहुतेक सतरा-अठराच्या आसपासचे असतात. चावडीवर बसवून झोडपू देऊ नका. अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, तिथे त्याला कोणीतरी ऐकवणारं भेटतं. चावडीवर मार खाल्लेला पोरगा आठ दिवसांत हिरो होतो, आणि ज्या पोरीमुळे मार खाल्ला तिचं नाव सगळ्यांना पाठ होतं. मी हे दोनदा पाहिलं आहे.

आता हंगामा. इथे मला माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे.

२००९ मध्ये एका गावात यात्रेच्या रात्री असाच कार्यक्रम होता. आम्ही गटाच्या चाळीस बाया हातात लाठ्या घेऊन स्टेजपर्यंत गेलो, कार्यक्रम बंद पाडला, नाचणाऱ्या पाच मुलींना गावाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आमचा फोटो आला, वर मोठा मथळा, त्यात 'रणरागिणी' हा शब्द. मी ते कात्रण किती तरी वर्षं फाइलमध्ये जपून ठेवलं. पुढे नागपूरच्या एका बैठकीत त्या पाचांपैकी एक भेटली. तिनं मला ओळखलं. म्हणाली, त्या रात्री आम्ही फाट्यावर सकाळच्या गाडीपर्यंत बसलो होतो, तुमच्या गावची पोरं दोनदा मोटरसायकल घेऊन आली, आणि आयोजकानं ठरलेल्यातला एक रुपया दिला नाही. आयोजकाला आम्ही बाया एका शब्दानंही बोललो नव्हतो. तो आमच्यातल्याच एकीचा दीर होता.

तेव्हापासून मी नाचणाऱ्या बाईवर बंदी या वाक्यापाशी थांबते. आपण तिला 'ती हलकट' म्हणतो आणि पोट्टे तिला 'माल' म्हणतात. दोन्ही वेळी तिचं नाव, तिचं गाव, तिच्या घरी कोण आहे, हे कुणी विचारत नाही. आणि आपल्याला फोटोत 'रणरागिणी' करणारा पेपरवालासुद्धा आमच्यापैकी कुणाचं नाव छापायला विसरला होता, हे मला फार उशिरा दिसलं.

कायद्याची बाजू तुम्हाला कुणीतरी विचारेल म्हणून सांगून ठेवते. जानेवारी २०२२ मध्ये उमरेड तालुक्यातल्या ब्राह्मणीच्या 'डान्स हंगामा'चे व्हिडिओ सगळीकडे फिरले आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. तिथे उघड्यावर जे चाललं होतं ते नाच म्हणण्याच्या पलीकडचं होतं. उलट त्याच तालुक्यात तिरखुऱ्याच्या एका रिसॉर्टवर मे २०२३ मध्ये धाड पडली, ते प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं आणि ऑक्टोबरात न्यायालयानं पाच पुरुषांवरचा गुन्हा रद्द केला. तोकडे कपडे घालून नाचणं एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. तेव्हा 'तोकडे कपडे' हे शब्द ठरावात घालू नका, टिकणार नाहीत. मला विचाराल तर न्यायालयानं बरोबर केलं. कपड्यावर बोट ठेवलं की आज स्टेजवरची बाई, उद्या जीन्स घालून कॉलेजात जाणारी तुमची पुतणी.

म्हातारे म्हणतील, "आमच्या टायमाले दंडार होती बाप्पा, हे असं नव्हतं." थोडं खरं आहे. दंडारीत, खडी गंमतीत, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या लोकनाट्यांत, बाईचं काम पुरुषच करायचा, तमाशागिरी होती तशी कथाही होती. झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या भागात, दिवाळीनंतर वडशाहून निघणारी नाटकं आजही रात्रभर चालतात आणि बायामाणसं लेकरं घेऊन पाहायला बसतात. त्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण दंडारीतल्या लुगडं नेसलेल्या पोराला विंगेत किती चिमटे बसायचे ते त्याच म्हाताऱ्यांपैकी एखाद्याला एकटं गाठून विचारा. एकानं मला सांगितलं होतं. तो स्वतः नाच्या होता. त्याच्या सांगण्यातला राग साठ वर्षांनंतरही ताजा होता. पाहणाऱ्याला पुढे लुगडं दिसलं की आत कोण आहे यानं फारसा फरक पडत नाही, हे मला त्याच्याकडून कळलं.

तुमचा प्रश्न मुळात हाच आहे असं मला वाटतं, ताई. बाईकडे माणूस म्हणून न पाहता पाहायची चीज म्हणून पाहणं. हंगामा त्याचं सगळ्यात भडक रूप, म्हणून ते आपल्याला चटकन दिसतं. बाकीची रूपं घरातच असतात. पाहुणे येतात, पोरीला "जरा चालून दाखव" म्हणतात, आणि बायोडाट्यात तिच्या डीएडच्या आधी 'गोरी, सडपातळ' लिहिलेलं असतं. गोरेपणाच्या सगळ्यात खपणाऱ्या क्रीमनं २०२० मध्ये नावातून 'फेअर' काढलं. डबी बदलली, सासूचा प्रश्न तोच आहे.

आणि एक रूप तुमच्या-माझ्या जिल्ह्याचं खास. २००६ च्या जुलैत पंतप्रधान विदर्भात आले, शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं, आणि मागोमाग कॅमेरे आले. आमच्या गटातल्या एकीच्या नवऱ्यानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिला होता. पत्रकार घरी आला, म्हणाला, पदर डोक्यावर घ्या, फोटो हातात धरा, जरा खाली पाहा. ती त्या दिवशी सकाळी निंदण करून आली होती, कर्जाचा हिशोब तिला तोंडपाठ होता, बँकेच्या मॅनेजरशी भांडून तिनं सातबाऱ्यावर नाव चढवलं होतं. त्यातलं एकही वाक्य छापून आलं नाही. छापून आला तो खाली झुकलेला चेहरा. पुढच्या वर्षी दुसरा पत्रकार आला तेव्हा तिनं स्वतःच पदर घेतला, फोटो हातात धरला आणि विचारलं, "खाली पाहू का?" मला तेव्हा हसावं की रडावं कळलं नाही.

या चित्राला उलटं पाडणारी गोष्टही आपल्याच जिल्ह्यात झाली. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन, आधीच्या पाहुण्यांचं निमंत्रण मागे घेतल्यानंतर, राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी म्हणून त्यांना बोलावलं होतं, पण माइक त्यांच्या हातात होता आणि त्या सरळ समोर पाहून बोलल्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करणारी बाई एवढ्या मांडवासमोर बोलली, हे आमच्या गटातल्या बायांनी मोबाइलवर पाहिलं. त्यानंतर आमच्याकडे कुणी फोटो काढायला आला की बाया विचारतात, आमचं म्हणणं छापशील का, मग काढ.

म्हणूनही मला मोबाइल काढून घेणं पटत नाही. जी पोरगी स्वतः कॅमेरा धरून काय दाखवायचं ते ठरवते, तिला दुसऱ्याच्या कॅमेऱ्याची चाल लवकर समजते.

पोट्ट्यांसोबत काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण खरं काम तिथेच आहे. 'महिला सन्मान' वगैरे विषयावर व्याख्यान ठेवू नका, मागच्या रांगेत सगळे मोबाइल पाहत बसतात. मी एक साधा खेळ घेते. कृषी केंद्रातली जुनी पोस्टरं, कॅलेंडरं, रद्दी पेपरातल्या जाहिराती गोळा करते आणि जमिनीवर पसरते. आधी पुरुषाचं चित्र उचलते. विचारते, हा कोण असेल? पोट्टे धडाधड सांगतात: हा पाटील आहे, वीस एकर वावर असंल, पोरगा पुण्याले असंल, स्वभावानं खडूस वाटते. मग बाईचं चित्र उचलते. एखादी ट्रॅक्टरला टेकून उभी असते. हिचं नाव काय असेल? हिला वावर किती? हिला कोणतं काम येतं? पहिल्यांदा हशा होतो. मग शांतता. एक जण म्हणतो, "गोरी आहे." दुसरा म्हणतो, "हसून रायली." त्याच्यापुढे गाडी जात नाही.

मग मी विचारते, तुमच्या घरच्या वावरात सरकी टोबते कोण? निंदते कोण? कापूस वेचते कोण? सगळे म्हणतात, माय. मग या एवढ्या पोस्टरांत निंदणारी एक तरी माय शोधा. शोधतात. क्वचितच सापडते. सापडली तरी केसाला फूल लावून, नवं लुगडं नेसून, एक बोंड हातात धरून कॅमेऱ्याकडे पाहत असते. ज्यानं आईला वेचणीच्या दिवसांत पाहिलं आहे, बोंडांच्या टोकांनी ओरखडलेले हात पाहिले आहेत, त्याला हे चित्र खोटं आहे हे सांगावं लागत नाही. एका पोरानं ते पोस्टर उलटं ठेवलं. एवढ्यानं तो सुधारला असं मी म्हणत नाही. त्या दिवशी मात्र तो मागच्या रांगेत बसला नव्हता.

अजून एक गोष्ट पोट्टे बोलतात, दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीनंतर. "मॅडम, पोरी आमाले पाहातच नाही. त्यायले नोकरीवालाच पाहिजे." या रागाची चेष्टा करू नका. शेती करणाऱ्या तीस-पस्तीसच्या पोरांची लग्नं होत नाहीत, हे प्रत्येक गावात दिसतं, आणि अर्ध्याअधिक रील या रागावरच चालतात. २०२४ च्या ऑक्टोबरात वरूड-मोर्शीच्या तेव्हाच्या आमदारांनी भर सभेत सांगितलं की पहिल्या नंबरची देखणी पोरगी नोकरीवाल्याला जाते, दोन नंबरची पानठेला किंवा किराणा दुकान चालवणाऱ्याला, आणि तीन नंबरची शेतकऱ्याच्या पोराला. लोक हसले. हे मी पोट्ट्यांना मुद्दाम सांगते आणि विचारते, यात तुमचा नंबर कितवा लागला? कारण बाजार मांडला की बाईलाच नाही, पुरुषालाही भाव लागतो. तिला रंगाचा, त्याला पगाराचा. ज्याचा भाव सगळ्यात खाली लागला तो सगळ्यात जोरात हसत होता, हे त्याला समजतं. आणि पोरगी कास्तकाराला नाही का म्हणते? तिनं मायचे दिवस पाहिले आहेत. निंदणाच्या रोजीत गड्याच्या रोजीच्या निम्मं कसंबसं मिळतं, सातबाऱ्यावर नाव नाही, आणि घरी येऊन चूल. तिनं नोकरीवाला मागितला तो या हिशोबानं मागितला.

आता ग्रामसभेकडे वळू. नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, हे आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. बहुतेक गावांत ती कागदावर होते, अंगठे गोळा करून. तुम्ही खरी घ्या. दुपारी दोनची वेळ नको, त्या वेळी बाया वावरात असतात. जेवणानंतर, शाळेच्या ओट्यावर. थांब्यावरच्या पोरींना बोलायचं असेल तर बोलू द्या, नसेल तर त्यांच्या आयांना. म्हाताऱ्यांपैकी कुणी म्हणालं की हे असं बायांनी उघड बोलणं आपल्याकडचं नाही, तर सांगा, बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये छापून विचारलं होतं की सगळे दोष बाईच्याच माथी का. सुरतेच्या एका विधवेवर पेपरांनी आणि लोकांनी जी आग पाखडली, त्यावरून त्या पेटल्या होत्या. आणि गावात सामुदायिक प्रार्थना होत असेल तर गुरुदेव मंडळाच्या एखाद्या जुन्या कार्यकर्त्याला सोबत घ्या. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत महिलोन्नतीचा अख्खा अध्याय आहे. तुमच्या तोंडून ऐकतील त्यापेक्षा त्यांच्या तोंडून लवकर ऐकतील. मला हे आवडत नाही, पण पहिल्या टर्मच्या सरपंचानं सगळ्याच लढाया एकदम लढू नयेत.

ठराव घ्यायचाच आहे तर सौंदाळ्यासारखा घ्या. नेवासा तालुक्यातल्या या गावानं २०२४ च्या नोव्हेंबरात ठराव केला की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. दंड करण्याचा अधिकार, वसुली, हे सगळं आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून तपासून घ्या, नाहीतर पहिलाच दंड वादात अडकेल. पण ठरावाचा रोख पाहा. तोंड ज्याचं, दंड त्याला. तुमच्याही ठरावात वाक्यं तशीच येऊ द्या: थांबा, नळ, शाळा, घाट इथे कुणाचंही चित्रण त्याला विचारल्याशिवाय करायचं नाही. गावच्या ग्रुपवर असं काही आलं तर ॲडमिननं त्याच दिवशी काढायचं आणि टाकणाऱ्याला बाहेर करायचं. थांब्यावर दिवा लावायचा, हे पंचायतीच्या खर्चातून. दिव्याला विरोध कुणी करत नाही, म्हणून तो आधी मांडा.

हंगाम्याबद्दल माझं मत विचाराल तर पटाला त्याची गरज नाही. आमच्याकडे तळेगाव दशासरच्या पटात बाया जोड्या हाकतात आणि गर्दी त्यालाही होते. पण तुमच्या गावच्या समितीनं नाचाचा कार्यक्रम ठेवायचाच ठरवला, तर परवानगी देताना अटी लिहून घ्या आणि त्या आयोजकाला बांधून घाला, नाचणारीला नाही. भोंगा रात्री दहाला बंद. स्टेजवर प्रेक्षकानं चढायचं नाही, अंगावर पैसे फेकायचे नाहीत. ठरलेले पैसे कार्यक्रमाआधी. परतीची गाडी आयोजकाची. आणि कपडे बदलायला स्टेजमागे हिरव्या जाळीचा आडोसा चालणार नाही. २००९ च्या त्या रात्रीबद्दल नागपूरला भेटलेल्या त्या मुलीला मी विचारलं होतं की आमच्या गावात तुम्हाला सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला. मला वाटलं, आमच्या लाठ्यांचा म्हणेल. ती म्हणाली, कपडे बदलायच्या जागेचा. जाळीला पोरांनी ब्लेडनं चिरा पाडल्या होत्या. शाळेची एक खोली द्या, जिच्या दाराला आतून कडी असेल.